वजन उतरविणाऱ्या औषधांची गोष्ट

पहिल्या महायुद्धाच्या वेळी फ्रान्समध्ये तोफगोळ्यांत दारू भरण्याचे कारखाने रात्रंदिवस चालत असत. त्या दारूत डायनायट्रोफेनॉल नावाचे एक पिवळे रसायन मिसळीत. ते हाताळणाऱ्या कामगारांना काही दिवसांनी विचित्र त्रास होऊ लागला. अंगाला दरदरून घाम सुटे, ताप चढे, श्वास जोरात चाले, आणि जेवणखाण नीट असूनही माणूस दिवसेंदिवस वाळत जाई. कित्येक त्यात दगावलेही. युद्ध संपले आणि ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत एका कोपऱ्यात पडून राहिली.

आता आपण विचाराल की, फ्रान्समधली तोफेची दारू आणि आमच्या घरच्या लेकीसुना यांचा संबंध काय? संबंध आहे. १९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ही जुनी हकीकत वर काढली. माणूस वाळतो ना, मग लठ्ठ माणसाला हेच थोडे थोडे दिले तर? त्यांनी दिले, आणि वजन खरोखरच उतरले. बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार! वर्षभराच्या आत अमेरिकेत एक लाखावर लोकांनी ते घेतले असावे, असा त्या संशोधकांचाच अंदाज होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचूनही ते दुकानात मिळे. घेणाऱ्यांत बायकांचा भरणा मोठा होता.

हे औषध करी काय? आपल्या चुलीचेच उदाहरण घ्या. चुलीत लाकूड जळते, त्यावर भाकरी भाजते, वरण शिजते. समजा, कोणी चुलीवरचे भांडेच उचलून बाजूला ठेवले आणि लाकडे मात्र घालीत राहिले, तर जळण संपेल, धग लागेल, पण शिजणार काहीच नाही. शरीरातील प्रत्येक पेशीत अशी एक बारीकशी चूल असते. डायनायट्रोफेनॉल तिच्यावरचे भांडे उचलते. खाल्लेले अन्न आणि अंगातील चरबी नुसती उष्णता होऊन जाते. मात्रा थोडी जास्त झाली की ताप इतका चढतो की तो उतरविण्याचा उपाय डॉक्टरच्याही हाती राहात नाही.

१९३५ साली डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तरुण बायका येऊ लागल्या. मोतीबिंदू हा म्हातारपणाचा विकार, पण या तिशी-चाळिशीतल्या. महिन्या-दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांपुढे धुके. विचारपूस करता प्रत्येकीने हेच औषध घेतल्याचे निघाले. आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा, दैवदुर्विलास!) की सरकारला ते थांबविता येईना. अमेरिकेत त्या वेळी १९०६ चा कायदा होता. तो रोगावरच्या औषधांपुरता. लठ्ठपणा हा काही रोग मानलेला नव्हता. म्हणून लठ्ठपणावरचे औषध हे कायद्याच्या लेखी औषधच नव्हे! १९३८ साली नवा कायदा झाला, शरीराच्या घडणीवर किंवा कामावर परिणाम करणारी वस्तू म्हणजे औषध अशी व्याख्या केली गेली, तेव्हा कुठे ते माणसाच्या पोटात घालण्यास अयोग्य ठरले. तरीही चोरून त्याची विक्री होत राहिली, आणि आमच्या या काळातही त्याने माणसे मेल्याच्या बातम्या येतात.

डायनायट्रोफेनॉल हे पहिले औषध नव्हे. त्याच्या चाळीस वर्षे आधीची एक हकीकत आहे, आणि तिची सुरुवात फार चांगली आहे. १८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरकडे शेहेचाळीस वर्षांची एक बाई आली. अंग सुजलेले, बोलणे जड, केस गळालेले, सदा थंडी वाजणारी. तिच्या गळ्यातील ग्रंथी, जिला इंग्रजीत थायरॉइड म्हणतात, ती काम करीत नव्हती. मरे यांनी मेंढीच्या त्याच ग्रंथीचा अर्क काढून तिला दिला. बाई बरी झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. ज्या द्रव्याला आपण हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतो, ते बाहेरून देऊन माणूस बरा केल्याचे हे फार जुने आणि सुंदर उदाहरण.

पण त्या बाईचे वजनही उतरले होते, आणि लोकांचे लक्ष नेमके तिकडे गेले. ज्यांची ग्रंथी चांगली आहे अशा लठ्ठ बायकांनाही तो अर्क दिला जाऊ लागला. गळ्याची ही ग्रंथी म्हणजे शरीराचा घोडा हाकणारा गाडीवान. तिचा रस अंगात वाजवीपेक्षा जास्त झाला की हृदय धडधडते, हात कापतात, झोप उडते. पाळी कमी होते किंवा अनियमित होते. वजन घटते खरे, परंतु त्या घटीत चरबीबरोबर स्नायू जातो आणि वर्षे लोटली की हाडेही पोकळ होतात. तराजूवर सगळे सारखेच दिसते. तराजूला चरबी कोणती आणि मांस कोणते हे कळत नाही. ही गोष्ट आपण लक्षात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा यायची आहे.

तिसरी पिढी आली ती भूक मारणाऱ्या गोळ्यांची. ॲम्फेटामीन हे त्या द्रव्याचे नाव. आधी ते चोंदलेल्या नाकावर हुंगायला देत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जागे ठेवण्यासाठी दिले गेले. ते घेतले की अन्नावरची वासना जाते हे डॉक्टरांच्या ध्यानी आले आणि युद्धानंतर अमेरिकेत घरोघरी बायका या गोळ्या घेऊ लागल्या. थकल्या बैलाला चाबूक मारला तर तो चार पावले धावतो, पण त्याच्या पोटात वैरण पडत नाही. या गोळ्यांचे तसेच. काही आठवड्यांत शरीर चाबकाला सरावते, भूक परत येते, म्हणून गोळी वाढवायची. गोळीने रात्री झोप नाही, म्हणून झोपेची दुसरी गोळी. सकाळी उठवत नाही, म्हणून पुन्हा पहिली.

यातूनच तिथे एक नवा धंदा उभा राहिला. फक्त वजन उतरविणारे दवाखाने निघाले. निरनिराळ्या रंगांच्या गोळ्या पुडीत बांधून मिळत. त्यांना इंद्रधनुष्याच्या गोळ्या म्हणत. मुलांच्या खाऊसारख्या दिसणाऱ्या त्या पुडीत ॲम्फेटामीन असे, मघाचा थायरॉइडचा अर्क असे, लघवी जास्त करविणारे औषध असे, रेचक असे, हृदयाच्या रोग्यालाच द्यावे असे डिजिटॅलिसही असे. लघवीवाटे पोटॅशियम निघून जाई, आणि पोटॅशियम कमी झालेल्या हृदयावर डिजिटॅलिस विषासारखे काम करते. १९६८ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाची एक वार्ताहर बाई अशा दहा डॉक्टरांकडे जाऊन आली. ती लठ्ठ नव्हतीच. तरी तिला मिळून १,४७९ गोळ्या मिळाल्या! त्याच वर्षी अमेरिकेच्या सेनेटपुढे या धंद्याची चौकशी झाली, आणि १९७१ मध्ये ॲम्फेटामीन कडक बंधनाखाली आले.

इथे थोडे थांबू आणि भुकेचा विचार करू. औषधे बदलत गेली, पण ज्या शरीरावर ती चालवायची त्याचा हिशेब काय आहे, हे त्याच सुमारास शास्त्रज्ञांना उमगू लागले होते, आणि तेही युद्धामुळेच.

१९४४ च्या शेवटी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण युद्धाला नकार देणारे होते आणि भुकेल्या जगाच्या उपयोगी पडावे म्हणून आपणहून आले होते. त्यांची वजने सुमारे पाव भागाने घटली. पण नोंदींत अधिक लक्ष वेधून घेते ते त्यांचे वागणे. चांगली शिकलीसवरलेली मुले ताटे चाटू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, स्वप्नांत अन्न पाहू लागली. प्रयोग संपल्यावर पोट फुटेस्तोवर खाल्ले तरी त्यांची तृप्ती होईना. आणि जे वजन परत आले त्यात चरबी आधी आली, मांस मागाहून. उपाशी शरीर पुढच्या दुष्काळाची तरतूद आधी करते, आणि ती करण्यासाठी मनालाही कामाला लावते. वजन उतरवून पुन्हा वाढलेल्या बाईला लोक म्हणतात, “तुझ्यात निश्चयच नाही.” कीजच्या त्या छत्तीस तरुणांत निश्चय कमी होता असे कोणी म्हणेल काय?

ते सगळे पुरुष होते. बायकांची हकीकत हॉलंडमधून कळली. त्याच हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. मोठ्या शहरांतून माणशी रोजचे अन्न हजार उष्मांकांच्याही खाली गेले. पुष्कळ बायकांची पाळी बंद झाली, आणि नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या एकदम खाली आली. ज्यांच्या दारात गाय आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. चारा तुटला, गाय खंगली, की ती माजावर येत नाही. निसर्गाचा रोकडा व्यवहार असा की, घरात धान्य नसेल तर पाहुण्याला बोलवायचे नाही.

पण घरात धान्य किती आहे हे डोक्याला सांगतो कोण? हे कळायला १९९४ साल उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन नावाचे संप्रेरक सापडले. ते अंगातील चरबीच तयार करते आणि मेंदूला निरोप धाडते. चरबी म्हणजे नुसते साठवणीचे कणगे असे आजवर वाटत होते. आता कळले की कणगे बोलतेही. ते फार रिकामे झाले की निरोप क्षीण होतो, आणि मेंदू पाळी चालविणारी संप्रेरके सोडायचे थांबवितो. पाळी थांबली की बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन कमी पडते. इस्ट्रोजेन नसले की हाडे चुना धरून ठेवीत नाहीत. शाळेतील मोठी मुलगी, जिची पाळी नीट सुरू झालेली होती, ती जर जेवण टाळू लागली, फार वाळली आणि पाळी तीन-तीन महिने येईना, तर गर्भाची शंका नसली तरी ते डॉक्टरकडे नेण्याचे कारण आहे. हाडे भरण्याची हीच वर्षे असतात. शिक्षिकाबाईंनी हे आईच्या कानावर घालावे.

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी केवळ भीती घालतो असे होईल. चरबी फार वाढली तरीही पाळी बिघडते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी सात बायकांचे वर्णन केले : पाळी अनियमित, मूल नाही, अंगावर लव जास्त, बीजांडकोशांवर बारीक गाठोळ्या. आज तरुण मुलींच्या तोंडी ‘पीसीओएस’ हा जो शब्द ऐकू येतो तो हाच विकार. ज्या बायकांचे वजन जास्त आहे त्यांत शेकडा पाच-दहा एवढे जरी ते उतरले तरी पुष्कळींची पाळी मार्गावर येते. म्हणजे वजन उतरविणे हे पाप नव्हे आणि खूळही नव्हे. कोणाचे, किती, कशाने आणि त्या वेळी ताटात काय, एवढाच प्रश्न.

आता पुन्हा औषधांकडे येऊ. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त १२१ माणसांना फेनफ्लुरामीन आणि फेंटरमीन ही दोन जुनी औषधे एकत्र दिली, तर वजन चांगले उतरते असे दिसले. औषधे आधीच बाजारात होती, पण जोडी नवी होती, आणि जोडीची परीक्षा सरकारने घेतलेली नव्हती. १९९६ या एका वर्षात तिथे या औषधांच्या एक कोटी ऐंशी लाखांवर चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. उत्तर डाकोटा राज्यातील फार्गो गावी हृदयाची तपासणी करणाऱ्या विभागात लोकांच्या लक्षात आले की, तरुण बायकांच्या हृदयाच्या झडपा जाडजूड आणि चकचकीत पांढऱ्या दिसत आहेत. विहिरीच्या मोटेची सोंड फाटली की वर आलेले पाणी पुन्हा आत गळते, तसे झडप नीट मिटत नसली की रक्त मागे फिरते. तेथील आणि मेयो क्लिनिकमधील डॉक्टरांनी मिळून १९९७ च्या ऑगस्टमध्ये चोवीस रोग्यांची हकीकत छापली. चोवीसच्या चोवीस बायका होत्या. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला फेनफ्लुरामीन बाजारातून मागे घेतले गेले.

एवढे झाल्यावर जग शहाणे झाले असेल असे आपल्याला वाटेल. पण फ्रान्समध्ये त्याच द्रव्याचे एक जवळचे भावंड, बेनफ्लुओरेक्स, ‘मेदियातोर’ या नावाने १९७६ पासून विकले जात होते, ते चालूच राहिले. नाव मधुमेहाचे, घेणाऱ्या पुष्कळशा बारीक होऊ पाहणाऱ्या बायका. ब्रेस्त या बंदराच्या गावी इरेन फ्राशों नावाची फुप्फुसांची डॉक्टर होती. तिच्याकडे येणाऱ्या रोग्यांच्या झडपा तशाच बिघडलेल्या पाहून तिने जुनी कागदपत्रे काढली, एकेक रोगी मोजला, आणि सरकारच्या दारी जाऊन बसली. नोव्हेंबर २००९ मध्ये औषध बंद झाले. २०१० साली तिने पुस्तक लिहिले, ‘किती मेले?’ हा प्रश्न मुखपृष्ठावरून काढून टाकण्याचा हुकूम झाला, आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो हुकूम फिरविला. २०२१ साली पॅरिसच्या न्यायालयाने सर्व्हिए या कंपनीला फसवणूक आणि मनुष्यहानी यांबद्दल दोषी ठरविले. तेहतीस वर्षे चाललेले औषध गावाकडच्या एका डॉक्टरणीच्या चिकाटीने थांबले. मला या सबंध इतिहासात तिच्याइतके मोठे माणूस दिसत नाही.

हल्ली ज्या सुयांचा बोलबाला आहे त्यांची जात मात्र वेगळी आहे, आणि हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सुटते. ते स्वादुपिंडाला सांगते, साखर आली आहे, इन्सुलिन सोड. आणि मेंदूला सांगते, आता पुरे. १९८० नंतरच्या वर्षांत बोस्टनमध्ये त्याचे खरे रूप ओळखण्यात स्वेतलाना मोय्सोव या विदुषीचा मोठा वाटा होता. तिचे नाव कित्येक वर्षे मागे पडले होते. २०२४ साली लास्कर पारितोषिक मिळाले तेव्हा ते पुढे आले. हे संप्रेरक दोन-चार मिनिटांतच विरघळून जाते, म्हणून त्याचे औषध करणे कठीण होते. १९९२ साली डॉ. जॉन एंग यांना अमेरिकेच्या वाळवंटातील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात त्याच्यासारखेच पण टिकाऊ द्रव्य सापडले. त्यावरून २००५ साली मधुमेहाचे पहिले औषध आले. मग लिराग्लुटाइड, मग आठवड्यातून एकदा टोचायचे सेमाग्लुटाइड. अमेरिकेत ते २०२१ साली लठ्ठपणासाठी मान्य झाले. टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही दोन्ही औषधे वजन उतरविण्यासाठी २०२५ साली भारताच्या बाजारात आली.

सेमाग्लुटाइडची मोठी परीक्षा १,९६१ माणसांवर झाली. त्यांत चारातल्या तिघी बायका होत्या. अडुसष्ट आठवड्यांत वजन सरासरी शेकडा पंधराने उतरले. इतके काम आधीच्या कोणत्याही गोळीने केले नव्हते. ज्यांना हृदयविकार आहे अशा लठ्ठ माणसांत ते झटक्यांचे प्रमाण कमी करते, हेही २०२३ साली दिसून आले. जुन्या गोळ्यांनी हृदय बिघडविले आणि हे ते सांभाळते, हा फरक लहान नाही. मात्र हृदयाच्या त्या परीक्षेत दहातले सात पुरुष होते. वजनाच्या परीक्षेत बायका आणि हृदयाच्या परीक्षेत पुरुष, ही वाटणी मला चमत्कारिक वाटते.

मग बाईने काय पाहावे? पहिली गोष्ट ताटाची. औषधाने भूक निम्मी झाली की ताटही निम्मे होते. पूर्ण ताटातच ज्या बाईला लोह आणि प्रथिने पुरत नव्हती, तिला अर्ध्या ताटात ती कोठून पुरणार? घटलेल्या वजनाचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, चरबीचा नसून स्नायूचा असतो असे या औषधांच्या अभ्यासांत दिसते. मघाचा तराजू आठवला का? म्हणून भूक कमी असताना घास निवडून घ्यावा लागतो : आधी डाळ, उसळ, दही, अंडे, मासळी, मग भाकरी, आणि अंगाला जोर पडेल असे काम. फार झपाट्याने वजन उतरले की काही महिन्यांनी केस गळतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, आणि हे खडे मुळातच बायकांत जास्त.

दुसरी गोष्ट पाळीची आणि गर्भाची. वजन उतरून बंद पडलेले बीज पुन्हा सुटू लागले की, ‘मला मूल होत नाही’ असे समजून निर्धास्त असलेल्या बाईला दिवस जातात. शिवाय टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि मात्रा वाढविल्यावर पोट सावकाश रिकामे होते व गर्भनिरोधक गोळी अंगात कमी उतरते. म्हणून त्या त्या वेळी चार आठवडे निरोधासारखे दुसरे साधनही वापरावे असे औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. गर्भारपणात ही औषधे घ्यावयाची नसतात. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावे असे सांगितले जाते. ही गोष्ट बाईने डॉक्टरला आपणहून विचारावी. आपल्याकडे सासूसमोर ती विचारणे अवघड जाते हे मला ठाऊक आहे. मग एकटीने जाऊन विचारावी.

तिसरी गोष्ट सवयीची. वर सांगितलेल्या परीक्षेतील काही जणांना औषध बंद केल्यावर वर्षभर पाहिले. उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत आले होते. कीजचे तरुण इथे पुन्हा भेटतात. औषध भुकेचा आवाज बंद ठेवते, पण कणग्याचा निरोप मेंदू विसरत नाही. ज्या बाईने त्या मुदतीत सकाळी घरच्या सगळ्यांच्या आधी चार घास खाण्याची, सर्वांबरोबर ताट वाढून घेण्याची, उरलेसुरले रात्री उभ्याने न संपविण्याची सवय लावून घेतली, तिच्या हाती औषध थांबल्यावर काहीतरी राहते. आमच्याकडे बायकांचे जेवण हे सर्वांच्या मागून आणि भांडे पुसून घेण्याचे असते. ती सवय कोणत्याही सुईने बदलत नाही, घरच्यांनी बदलावी लागते.

आपल्या मुलखाकडे पाहिले की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत शेकडा चोवीस जास्त वजनाच्या निघाल्या, जवळजवळ एकोणीस फार कमी वजनाच्या, आणि सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, ही तिन्ही दुखणी नांदतात. एका जावेला दिलेले औषध दुसरीने परस्पर घेतले तर काय होईल, हे यावरून समजावे. पाळीसाठी किंवा साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्या बायका आता खेड्यांतही आहेत. त्या गोळीने शरीरात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होत जाते, आणि शाकाहारी घरांत ते आधीच तुटपुंजे असते. हातापायांना मुंग्या येत असतील तर ते तपासून घ्यावे.

आणि आठवडे बाजारात, बसस्थानकाबाहेर, फोनवरच्या जाहिरातींत मिळणारी ती ‘वनस्पतीची’ भुकटी! सिब्युट्रामीन नावाचे भूक मारणारे औषध होते. हृदयविकाराच्या रोग्यांत त्याने झटके वाढतात असे दिसल्यावर २०१० साली युरोप-अमेरिकेतून आणि २०११ साली भारतातून ते हद्दपार झाले. पण ‘निसर्गातील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्या आणि कॅप्सुला अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने तपासल्या, तेव्हा कितीतरींत हेच सिब्युट्रामीन गुपचूप मिसळलेले सापडले. डब्यावर त्याचे नाव अर्थातच नव्हते. लग्न ठरलेल्या मुलीला कोणी अशी भुकटी आणून दिली, आणि तिला धडधडू लागले, झोप येईनाशी झाली, तर डबा फेकून देऊ नका. डॉक्टरकडे जाताना तो बरोबर न्या.

शेवटी पुण्याजवळची एक हकीकत. तेथील के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील बायकांचा अभ्यास सुरू केला. गर्भार राहण्याआधी या बायकांचे सरासरी वजन बेचाळीस किलो होते. त्यांची बाळे सुमारे दोन किलो सातशे ग्रॅमची; इंग्लंडातील साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे बारीक होती, दंड बारीक, पोट बारीक. पण कातडीखालची चरबी मापली तर ती त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते मांस. बारीक दिसणाऱ्या अंगात चरबीचा वाटा जास्त, असा हा आपला बांधा आईच्या पोटातूनच येतो. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी आपले दोघांचेच एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. अंगातील चरबी मात्र युडकिन यांची शेकडा नऊ आणि याज्ञिकांची शेकडा एकवीस.

त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट आढळली. आईने एकूण किती खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी फारसा मेळ बसेना. मेळ बसला तो वेगळ्याच ठिकाणी. जिच्या जेवणात पालेभाजी आणि फळे वरचेवर होती आणि जिच्या वाट्याला दूध येत होते, तिची बाळे अंगाने अधिक भरलेली होती. ती बाळे आज तिशीच्या घरात आली आहेत. मुली आया झाल्या आहेत, आणि त्यांच्या मुलांचीही वजने घेतली जात आहेत.